शंभर मीटर कुठून मोजायचे? ग्रामीण महाराष्ट्रातल्या संरक्षित स्मारकांची पार्श्वभूमी

शिवरायांची पहिली राजधानी राजगड राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे आणि दुसरी, रायगड, केंद्राच्या. दौलताबाद केंद्राकडे, नळदुर्ग, औसा आणि उदगीर राज्याकडे. या वाटणीत महत्त्व, वय किंवा बांधणी यांचा हिशेब लावू गेलं तर तो लागत नाही. वाटणी ठरली ती 1951 साली कोणतं नाव कोणत्या कागदावर होतं, त्यावर. स्मारकाभोवतीच्या गावाला आज काय बांधता येतं आणि काय नाही, हेही त्याच कागदावरून ठरतं, कारण 100 मीटरची बांधकामबंदी आहे ती फक्त केंद्राच्या स्मारकांभोवती.

मुळात कागद तीन ठिकाणचे होते. मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या अवशेषांच्या याद्या 1897 मध्ये छापल्या गेल्या. ब्रिटिशांच्या 1904 च्या स्मारक संरक्षण कायद्याखाली जी स्मारकं पुढे संरक्षित झाली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणांची पहिली दखल या याद्यांमध्ये सापडते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे पुरातत्त्व खातं 1914 पासून आणि स्वतंत्र कायदा फसली 1337 चा, म्हणजे 1927-28 चा. कोल्हापुरासारख्या संस्थानांचा कारभार आणखी वेगळा.

1951 च्या कायद्याने 1904 च्या कायद्याखालची स्मारकं सरसकट राष्ट्रीय महत्त्वाची ठरवली. हैदराबादसारख्या 'ब' वर्गातल्या, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांच्या राज्यांसाठी मात्र परिशिष्ट जोडलं. परिशिष्टात नाव आलं ते केंद्राकडे गेलं, राहिलं ते राज्याकडे. मराठवाड्यातले एवढे भुईकोट राज्याकडे का, याचं मोठं कारण हे आहे. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा ही उरलेली यादीही सोबत आली. महाराष्ट्र झाल्यावर राज्याचा स्वतःचा 1960 चा कायदा आला आणि 1962 मध्ये त्याचे नियम. त्याआधी 1958 चा केंद्रीय कायदा झालेला होता. राज्याचा कायदा बराचसा त्याच साच्यातला आहे.

इथे एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. शंभर वर्षं जुनं म्हणजे आपोआप संरक्षित, असं नाही. शंभर वर्षं ही पात्रतेची अट आहे. संरक्षण मिळतं ते अधिसूचनेने. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत स्मारकाजवळ ठळक जागी लावतात, हरकतींसाठी दोन महिने देतात आणि मग अंतिम अधिसूचना. गावातली गढी, बारव, वेशीबाहेर पडलेले वीरगळ यांच्यापैकी बहुतेकांची अशी अधिसूचना कधी निघालेलीच नाही. उलट, संरक्षित झालं म्हणजे सरकारजमा झालं, हेही खरं नाही. सातबाऱ्यावर देवस्थानाचं किंवा खासगी मालकाचं नाव तसंच राहू शकतं. हक्क राहतो, वापरावर बंधनं येतात.

त्या बंधनांमध्ये शेतीसाठी एक सवलत आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. केंद्राच्या संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम, खाणकाम, उत्खनन, सुरुंग यांना बंदी आहे, पण पृष्ठभागापासून एक फुटापेक्षा खोल माती उकरावी लागत नसेल तर पीक घेता येतं. बैलाच्या नांगराला ही मर्यादा पुरत होती. आता ट्रॅक्टरचा पलटी नांगर त्या फुटाच्या काठावर चालतो आणि सबसॉयलर, म्हणजे खोलवरची माती फोडणारं अवजार, तो सहज ओलांडतो. जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडांवर याचा परिणाम थेट दिसतो: खापरं, राख आणि जोत्याचे दगड वर येतात आणि थरांचा क्रम कायमचा मोडतो. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर टाकायला आणि शेतात पसरायला पांढरी माती ओढून नेण्याची जुनी चाल आहेच, ती वेगळी. नांगरट निदान एका फुटावर थांबवता येते, जेसीबीने उचललेलं टेकाड मात्र संपलेलंच असतं.

खरा वाद आहे तो स्मारकाच्या हद्दीबाहेरचा. 16 जून 1992 च्या अधिसूचनेने केंद्र संरक्षित स्मारकांभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवलं. सगळ्यांना एकच माप. लेण्यांचा डोंगर असो, गावठाणातलं हेमाडपंती मंदिर असो की माळावरची एकटी कबर. पुढे 100 मीटरच्या आतही एका सल्लागार समितीच्या शिफारशीवरून एकेका प्रकरणात परवानग्या दिल्या जाऊ लागल्या. त्यांना कायद्याचा आधार नाही, असं 2009 मध्ये उच्च न्यायालयाने ठरवलं. त्यावर जानेवारी 2010 मध्ये अध्यादेश निघाला आणि लगोलग दुरुस्ती कायदा झाला. आधीच्या परवानग्यांपैकी ठरावीक प्रकारच्यांना त्याने वैधता दिली, मात्र 100 मीटरची बंदी अधिसूचनेतून उचलून थेट कायद्यात घातली. शिक्षाही तीन महिने किंवा पाच हजार रुपयांवरून दोन वर्षं किंवा एक लाखावर गेली.

निर्णय झाला तो शहरातल्या बिल्डरांकडे बघून. त्याचा भार गावठाणाने किती उचलला, ते साध्या गणिताने कळतं. संरक्षित हद्द एक एकराची, चौकोनी धरा. तिच्या कडेपासून चहूबाजूंनी 100 मीटरचा पट्टा म्हणजे सुमारे 14 एकर. 300 मीटरपर्यंत गेलं की 89 एकरांच्या आसपास. मंदिर गावाच्या मधोमध असेल तर लहान गावाचं अख्खं गावठाण त्यात बसतं.

आता त्या 14 एकरांत काय चालतं? 16 जून 1992 पूर्वीचं घर असेल तर अर्ज करून दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येतं. पाडून त्याच मापाचं पुन्हा बांधणं ही पुनर्बांधणी. कायद्याने तिची व्याख्या वेगळी केली आहे आणि प्रतिबंधित क्षेत्रात ती दुरुस्तीच्या सवलतीत बसत नाही. नियंत्रित क्षेत्रात ती परवानगीने होते. सिमेंटच्या घराला हा फरक फारसा जाचत नाही, मातीच्या घराला जाचतो. पांढऱ्या मातीची भिंत एकदा पायातून ढासळली की तिची दुरुस्ती म्हणजे व्यवहारात नवी भिंतच. घरकुल योजनेत सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात ते पक्क्या घरासाठी. कच्चं पाडून पक्कं बांधणं या पट्ट्यात बसत नाही. परिणामी लाभार्थी यादीत नाव असतं आणि बांधायला जागा नसते. सार्वजनिक गटारं, शौचालयं, पाणीपुरवठा आणि वीज मात्र 'बांधकाम' या व्याख्येतूनच वगळलेली आहेत. ग्रामपंचायती हे न वाचताच कामं अडवून ठेवतात, किंवा न वाचताच सभामंडप उभारून बसतात.

परवानगीचं वेळापत्रक कायद्यात नेटकं आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने अर्ज 15 दिवसांत पुढे पाठवायचा, राष्ट्रीय पातळीवरच्या प्राधिकरणाने दोन महिन्यांत अभिप्राय द्यायचा, त्यानंतर महिनाभरात होकार किंवा नकार. बहुतेक अर्ज अडतात ते याच्याही आधी, अंतराच्या दाखल्यावर.

अंतर मोजायचं ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. मंदिराच्या भिंतीपासून किंवा शिखरापासून नाही. ही हद्द अधिसूचनेतल्या चतुःसीमेवरून आणि सर्व्हे नंबरवरून काढायची असते. पण अधिसूचना जुनी आणि त्यानंतर गावात जमिनीच्या तुकड्यांची एकत्रीकरण योजना झालेली असेल तर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेले असतात. मग अधिसूचनेतला 'पूर्वेस अमुक सर्व्हे नंबर' आज कोणत्या गटात, हे जुळवणीचा तक्ता काढल्याशिवाय सांगता येत नाही. काही अधिसूचनांमध्ये 'मंदिर व लगतची जागा' एवढंच लिहिलेलं असतं. लगतची म्हणजे किती? मोजणीला आलेला एक जण जोत्यापासून टेप धरतो, दुसरा तारेच्या कुंपणापासून, आणि एकाच घराला दोन दाखले मिळतात, एक 92 मीटरचा आणि दुसरा 108 मीटरचा. पहिल्यात बंदी, दुसऱ्यात परवानगी. अर्जदाराने आधी अधिसूचनेची प्रत, एकत्रीकरणाचा जुना-नवा नंबर तक्ता आणि भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी हे तिन्ही हातात घ्यावं आणि मगच नकाशा काढायला द्यावा. उलट्या क्रमाने गेलं की नकाशा पुन्हा काढावा लागतो.

एकच माप सगळ्यांना लावू नये म्हणून 2010 च्या दुरुस्तीनेच प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी, म्हणजे त्या-त्या स्मारकापुरते बांधकामाचे नियम करायला सांगितलं आहे. ते काम रेंगाळत चाललं आहे. सार्वजनिक प्रकल्पांना प्रतिबंधित क्षेत्रात वाट देणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि 2018 मध्ये राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. ते तिथून पुढे कायद्यापर्यंत पोचलं नाही. त्यात महामार्गांचा विचार होता, धाब्याच्या घरांचा नव्हता, हे नोंदवायला हवं.

केंद्राच्या कायद्यातला हा पट्टा राज्य संरक्षित स्मारकांना लागू होत नाही. गावकऱ्यांना ही सुटका वाटते, स्मारकाला ती महागात पडते. राज्याच्या यादीतल्या कित्येक मंदिरांना खेटून स्लॅबचे सभामंडप उभे आहेत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणारी हानी तर हद्दीच्या आतच होते. हेमाडपंती बांधणीत दगड घडवून एकमेकांत बसवलेले असतात, सांध्यात चुना नसतो. तिथे सिमेंट भरलं की सांध्यातून बाहेर पडणारं पाणी दगडातून वाट काढतं, क्षार पृष्ठभागावर येतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात. ऑइल पेंटनेही ओल आत कोंडते. भुईकोटांचं दुखणं वेगळं. तटाच्या चुन्यात पिंपळ रुजतो, दरवर्षी तो वरून छाटतात आणि मूळ आत जाडच होत जातं. मूळ मारल्याशिवाय, आणि मग तो भाग उतरवून चुन्यातच पुन्हा रचल्याशिवाय तट टिकत नाही. चुना भिजवायला आणि दगडी चाकाच्या घाणीवर मळायला वेळ लागतो. निविदा निघते उशिरा आणि पैसे मार्चअखेर संपवायचे असतात. सिमेंट घुसतं ते या घाईतून.

पैशासाठी राज्याने 2007 मध्ये संगोपन योजना आणली. स्मारक ठरावीक मुदतीसाठी खासगी संस्थेकडे देखभालीला द्यायचं, मालकी सरकारची. नळदुर्ग 2014 मध्ये दहा वर्षांसाठी असा दिला गेला. स्वच्छता, वाटा, बोरी नदीवरच्या पाणीमहालाकडची ये-जा सुधारली. तिकीट, बोटी आणि बागा किती असाव्यात, यावर मतभेद झाले ते झालेच.

जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि जुनी वाटणी पुन्हा समोर आली. त्यातले आठ केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या. जागतिक यादीतल्या स्थळाभोवती संरक्षक पट्टा आखणं सहसा अपेक्षित असतं. केंद्राच्या आठ किल्ल्यांना त्यासाठी 100 आणि 200 मीटरची कायदेशीर चौकट तयार मिळते. राज्याच्या चार किल्ल्यांना तो पट्टा वनहद्द, विकास आराखडे आणि पायथ्याच्या ग्रामपंचायतींच्या बांधकाम परवानग्यांमधून सांभाळावा लागणार आहे.