चुंबकन

चुंबकन म्हणजे बाह्य चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाने पदार्थात चुंबकत्व येण्याची क्रिया. दर घन मीटरमागे पदार्थात असलेल्या निव्वळ चुंबकीय परिबलालाही (परिबल म्हणजे चुंबकाची ताकद व दिशा सांगणारी राशी) हीच संज्ञा वापरतात आणि ते अँपिअर प्रति मीटर या एककात मोजतात. पोलादाची सुई चुंबकावर घासली असता चुंबकाकडून तिच्यात काही उतरते, असा समज सहज होतो. तसे असते तर सुयांमागून सुया घासल्याने चुंबक दुबळा व्हायला हवा होता. तो होत नाही, कारण सुईतील लोहाचा प्रत्येक अणू आधीपासूनच चुंबक असतो आणि बाह्य क्षेत्र फक्त या अणूंच्या दिशा जुळवते.

अणूचे चुंबकत्व मुख्यतः त्यातील जोडीविना राहिलेल्या इलेक्ट्रॉनांच्या परिवलनातून येते. ज्या पदार्थांत असे अणू एकमेकांची फारशी दखल घेत नाहीत, त्या समचुंबकीय पदार्थांत उष्णतेमुळे होणारी चलबिचल वरचढ ठरते. एका इलेक्ट्रॉनाच्या परिबलाला 1 टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात मिळणारी ऊर्जा नेहमीच्या तापमानाला असलेल्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्श्याएवढीच भरते, त्यामुळे जुळणी नाममात्र होते आणि क्षेत्र काढताच मोडते. लोह, कोबाल्ट व निकेल यांत मात्र शेजारचे अणू आपापली परिबले समांतर ठेवतात. याचे कारण म्हणून प्येर व्हाइस यांनी 1907 मध्ये एक प्रचंड अंतर्गत क्षेत्र गृहीत धरले. लोहासाठी ते हजार टेस्लाच्या घरात जाते. एवढे क्षेत्र अणूंच्या परस्पर चुंबकीय आकर्षणातून निर्माण होणे शक्य नाही. ही जुळणी पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वामुळे (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) इलेक्ट्रॉनांमधील विद्युत् प्रतिसारणातून उद्भवते, हे व्हेर्नर हायझेनबर्ग यांनी 1928 मध्ये दाखवले.

मग साधा खिळा चुंबक का नसतो? सगळा तुकडा एकाच दिशेने चुंबकित असेल तर त्याच्याबाहेर पसरणाऱ्या क्षेत्रात बरीच ऊर्जा गुंतते. ती वाचवण्यासाठी तुकड्यात वेगवेगळ्या दिशांचे प्रांत पडतात आणि ते एकमेकांना निष्प्रभ करतात. दोन प्रांतांमधील सीमाभिंत शेकडो अणूंएवढी जाड असते व तिच्यात परिबलाची दिशा हळूहळू वळत जाते. दुर्बल क्षेत्रात अनुकूल प्रांताच्या भिंती किंचित सरकतात आणि क्षेत्र काढताच परत येतात. क्षेत्र वाढवले की त्या अशुद्धींचे कण, स्फटिकातील दोष, ताण यांच्यापाशी अडकतात आणि पुरेसा जोर मिळताच झटक्याने सुटतात. लोखंडी तुकड्याभोवती गुंडाळलेल्या तारेची टोके वर्धकामार्फत ध्वनिक्षेपकाला जोडली, तर चुंबकन होत असताना हे झटके खरखरीच्या रूपाने चक्क ऐकू येतात. हाइन्रिख बार्कहाउझेन यांनी 1919 मध्ये केलेला हा प्रयोग आजही प्रांतांच्या अस्तित्वाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणावा लागेल. भिंतींचे काम संपल्यावर उरलेली परिबले स्फटिकाच्या सोयीच्या दिशेपासून, म्हणजे लोहात घनाच्या कडेपासून, क्षेत्राकडे वळवावी लागतात आणि त्यासाठी बरेच अधिक क्षेत्र खर्ची पडते.

सर्व परिबले समांतर झाली की संतृप्ती येते. क्षेत्र कितीही वाढवले तरी पदार्थाची भर आता जवळपास वाढत नाही. ही कमाल मर्यादा अणूचे परिबल आणि अणूंची दाटी यांवरून ठरते. चुंबकनाला μ₀ या चुंबकीय स्थिरांकाने गुणून ते टेस्लातही सांगतात; त्यानुसार नेहमीच्या तापमानाला ती लोहासाठी सुमारे 2.15, कोबाल्टसाठी 1.8 आणि निकेलसाठी 0.6 टेस्ला असते. लोह-कोबाल्ट मिश्रधातू 2.4 टेस्लापर्यंत पोहोचतात. तापमान वाढेल तशी ती घटते आणि क्यूरी तापमानाला (लोह 770° से., निकेल सुमारे 358° से.) शून्यावर येते. अतिशीत अवस्थेत गॅडोलिनियम हा दुर्मिळ मृदा धातू लोहालाही मागे टाकते, पण त्याचे क्यूरी तापमान 20° से.च्या आसपास असल्याने हा मोठेपणा व्यवहारात फारसा कामी येत नाही.

आकाराचा परिणाम अनेकदा दुर्लक्षिला जातो. चुंबकित तुकड्याच्या टोकांवरील ध्रुव त्याच्याच आत उलटे क्षेत्र निर्माण करतात. लांब सुईत ते नगण्य असते. लोहाच्या गोलात मात्र ते इतके मोठे असते की संतृप्तीसाठी बाहेरून सुमारे 0.7 टेस्ला क्षेत्र लावावे लागते.

क्षेत्र काढल्यावर किती चुंबकत्व उरते आणि ते घालवण्यास किती उलटे क्षेत्र लागते, हे मुख्यतः पदार्थाच्या सूक्ष्म रचनेवर ठरते. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यात सुमारे 3 टक्के सिलिकॉन मिसळलेले पोलाद वापरतात. त्यातील भिंती सहज सरकतात आणि चुंबकन उलटसुलट होताना ऊर्जेचा ऱ्हास कमी होतो. कायम चुंबकाला याच्या नेमके उलट हवे असते. निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या चुंबकात स्फटिकाची सोयीची दिशा एकच आणि अतिशय प्रबळ असते. तरीही तो जितके उलटे क्षेत्र प्रत्यक्षात सोसतो, ते आदर्श स्फटिकासाठी काढलेल्या सैद्धांतिक मूल्याच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याएवढे असते, कारण चुंबकन उलटण्याची सुरुवात कणांच्या पृष्ठभागावरील दोषांपासून होते. डिस्प्रोसियम हा दुर्मिळ मृदा धातू मिसळल्यास ही सोसण्याची ताकद वाढते. परंतु त्याच्या अणूंचे परिबल लोहाच्या विरुद्ध दिशेने बसत असल्यामुळे एकूण चुंबकन घटते, म्हणून ते सगळ्या चुंबकभर न मिसळता कणांच्या कडांपुरतेच शिरवण्याची पद्धत रूढ झाली आहे.