बागेतला बाक कुठे ठेवायचा?

मोठ्या हिरवळीच्या मधोमध ठेवलेला बाक बहुधा रिकामा राहतो. कुंपणालगतचे, झाडाखालचे बाक मात्र आधी भरतात. पाठीमागे आडोसा असावा आणि समोरचं सगळं दिसावं, अशी जागा माणसाला आपोआप आवडते, असं ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे अ‍ॅपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलं. नकाशावर मधला बाक फार शोभून दिसतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा तिथेच बसवला जातो, ही गोष्ट वेगळी.

शहरी जीवनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोकांच्या बसण्या-उठण्याचं चित्रीकरण केलं. खुर्च्या सुट्या असल्या, की येणारा माणूस खुर्ची जराशी सरकवतो आणि मगच टेकतो. पुष्कळदा ती जेमतेम वीतभर हलते, ऊन-सावलीत काडीचा फरक पडत नाही. पण जागा आपण निवडली, एवढं समाधान मिळतं. शेजारी अनोळखी कुणी असेल, तर ‘तुमच्यात लुडबुड करणार नाही’ हेही त्यातून न बोलता सांगून होतं.

न्यूयॉर्कच्याच ब्रायंट पार्कमध्ये उंच झुडपांच्या आड अमली पदार्थांची विक्री चालायची. बाहेरून आतलं दिसत नसल्याने इतर लोक तिकडे फिरकत नसत. व्हाइट यांच्या सल्ल्यानुसार झुडपं काढली, आत शिरायच्या वाटा रुंद केल्या, सुट्या खुर्च्या ठेवल्या. १९९२ मध्ये बाग पुन्हा खुली झाली आणि गजबजली. आडोसा पाठीला हवा, नजरेला नको.

सगळ्या वयांना सामावून घेणं याहून अवघड. व्हिएन्नात १९९०च्या दशकात लक्षात आलं, की वयाच्या साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेत येणं बंद करतात. मुलगे मात्र येत राहतात. एकच मोठं मैदान असलं, की ते चेंडू घेऊन आलेल्या मुलांच्या ताब्यात जातं आणि मुली भांडत बसण्यापेक्षा निघून जातात. मग दोन बागांमध्ये मैदानाचे छोटे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परतल्या, आणि त्यासाठी मुलग्यांना हाकलावं लागलं नाही.

म्हाताऱ्या माणसांची गरज साधी असते: बाकाला पाठ हवी आणि उठताना रेटा द्यायला हात हवेत. हा बाक खेळणाऱ्या पोरांकडे तोंड करून ठेवला, तर वेळही छान जातो. दगडी कट्टे दिसायला देखणे, पण गुडघे दुखणारा माणूस तिथे एकदाच बसतो.