वर्षाची बेगमी

घराला बारा महिने लागणारे धान्य, डाळी, तिखट-मसाले, लोणची, वाळवणे आणि पूर्वी सरपण-गोवऱ्यासुद्धा पावसाळ्याआधी एकदम भरून ठेवण्याची महाराष्ट्र व गोव्यातली रीत. ज्या घरात पैसा वर्षातून एकदोनदाच आणि मोजका येतो, त्या घराचा हा अर्थसंकल्पच असे. तो वहीपेक्षा कोठीत मांडला जाई. कोठी भरली की वर्षाच्या जेवणाची चिंता मिटली. मग हातात उरलेल्या रोकडीतून मीठ, कपडालत्ता, औषधपाणी, पाहुणेरावळे आणि लग्नकार्य निभवायचे. काटकसरीचे उत्तम उदाहरण म्हणून बेगमीचे कौतुक नेहमी होते. मात्र काटकसर करायलाही चैत्र-वैशाखात एकरकमी पैसा आणि एक कोरडी खोली लागते, हे त्या कौतुकात सहसा निसटते.

बेगमीचा हंगाम पिकांच्या आवकीवर ठरतो. तूर पौष-माघात निघते, रब्बीची ज्वारी शिवरात्रीच्या आसपास, गहू होळी-पाडव्याला. मिरची आणि हळदही याच सुमारास बाजारात येतात. माल नवा आणि मुबलक असल्याने भाव वर्षातले सर्वांत खालचे असतात, ऊन कडक असते आणि मृग लागायला महिना-दोन महिने असतात. या अवधीत जे भरले ते भरले. कोकणात भाताचे पीक दिवाळीच्या सुमारास हाती येते, म्हणून तिथे तांदळाची बेगमी वेगळी धरतात. देशावरची तांदूळखाऊ घरे तर एक वर्ष पुढे चालत: यंदा भरलेला तांदूळ पुढच्या वर्षी काढायचा, कारण जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि फुगतोही जास्त. एक वर्षाचे धान्य असे कायम अडकवून ठेवणे मात्र बऱ्यापैकी खात्यापित्या घरालाच जमे.

धान्य ठेवायच्या जागा प्रदेशागणिक वेगळ्या. मराठवाडा-सोलापूरकडे ज्वारीसाठी जमिनीत पेव खणत. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून कडब्याचे अस्तर. पेव बंद केले की आतला प्राणवायू संपत जातो आणि किडीला जगता येत नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा नियम त्यामुळेच. तो मोडल्याने माणसे गुदमरून दगावलेली आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी निकामी झाली. घरात बांबूची शेणाने लिंपलेली कणगी असे, वाड्यांत भिंतीतच बांधून काढलेले बळद. चाळीत आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात यांतले काहीच मावत नाही. तिथे १५ किलो तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे कामाला आले. डबा धुऊन उन्हात तापवायचा, वरचा पत्रा कापून पत्र्याला डाग (झाळ) देणाऱ्याकडून झाकण बसवून घ्यायचे आणि माळ्यावर रांग लावायची. कोणत्या डब्यात काय, हे खडूने लिहिलेले.

किडीपासून बचावाचे उपाय स्वस्त आणि बहुतेक घरातलेच. पहिला उपाय ऊन. दाणा दाताखाली कटकन तुटला तर वाळला, मऊ लागला तर अजून एक ऊन द्यायचे. साठवणीच्या धान्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली असावा असे शास्त्र सांगते; दाताची परीक्षा त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते. गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात, कडधान्याला राख, तांदळाला बोरिक पावडर, कुठे धान्यात बिब्बे. चिंच मिठाचे थर देऊन गोळे करून ठेवायची, तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे. पाऱ्याच्या गोळ्याही पुष्कळ घरांत धान्यात टाकतात. पारा विषारी असल्याने त्या न वापरलेल्या बऱ्या.

वाळवणे हा बेगमीचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत काटेकोर भाग. कुरडईचे उदाहरण घेण्यासारखे आहे. गहू तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलतात, नाहीतर आंबूस वास धरतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. चीक रात्रभर ठेवला की खाली घट्ट बसतो आणि वरचे पाणी ओतून टाकता येते. पहाटे मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घालून तो शिजवायचा. ढवळणाऱ्या हाताला दम असावा लागतो, कारण गुठळी झाली की कुरडई तुटते. ऊन वर यायच्या आत गरम चीक सोऱ्यात भरून खाटेवर पसरलेल्या धोतरावर घालायचा. मुलांना वाटीभर चीक दूध-साखर घालून मिळतो, ती त्यांची राखणीची मजुरी. पिळून उरलेला चोथाही टाकत नाहीत; त्यात तिखट-मीठ-तीळ घालून भुसवड्या घालतात. उडदाचे पापड, ज्वारीची बिबडी (ही खानदेशात), खारवड्या, कोहळ्याचे किंवा डाळीचे सांडगे, ताकातल्या मिरच्या, शेवया हे सगळे याच पंधरवड्या-महिन्यात उरकायचे. आषाढ-श्रावणात भाजी महागली किंवा पावसाने बाजारच भरला नाही, की सांडग्यांची आमटी भाजीची जागा घेते. म्हणजे वाळवण हा तोंडी लावण्याचा शौक कमी आणि भाजीच्या खर्चावरची तरतूद जास्त.

हे काम एकट्या घराचे नसे. आज हिच्याकडे पापड, उद्या तिच्याकडे. लाट्या करणारी एक, लाटणाऱ्या चार-सहा, उन्हात घालणारी पोरे. मजुरी रोख नाही, फेड कामानेच. ही मोफत मजुरी हिशेबात धरली तर बेगमी वाटते तितकी स्वस्त राहत नाही. तिच्या स्वस्ताईचा मोठा वाटा बायकांच्या पाठीवर होता, हे नोंदवले पाहिजे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटून विकायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले आणि त्या लाटण्याचे पैसे मिळतात हे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसले.

तिखट-मसाल्याची बेगमी चैत्रापासून सुरू होते. कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘चटणी करायची’ म्हटले की वर्षाचे कांदा-लसूण तिखट. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. दोन्हींचे प्रमाण घराघरांत ठरलेले आणि त्यावरून सासू-सुनांत वादही ठरलेले. मुंबईत लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत रांगा लागतात. मिरच्या निवडून, देठ खुडून, भाजून घ्यायच्या आणि डंकावर कुटून होईपर्यंत समोर उभे राहायचे. नजर हटली तर आपली मिरची दुसऱ्याच्या डब्यात जाईल ही धास्ती असते. कोकणात याच्या जोडीला आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे आणि किनाऱ्यावर सुके बोंबील, सोडे, सुकट. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि हा नियम येण्याआधीही पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्याच असत, म्हणून सुक्या मासळीशिवाय बेगमी पुरी होत नाही. गोव्यात या रीतीला पुरुमेंत म्हणतात आणि मे अखेरीस मडगावला ‘पुरुमेंताचें फेस्त’ भरते. सुके मासे, सोलां (आमसुले), कांद्याच्या माळा, मिरच्या, उकडे तांदूळ यांची तिथे घाऊक खरेदी होते. बेगमीला स्वतःची जत्रा मिळाली ती गोव्यात.

भरलेले वर्षभर पुरवणे हे भरण्याहून अवघड. त्यासाठी मापे असत: दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. (मणाला पायल्या किती, हे मात्र गावागणिक बदले.) कोठीची किल्ली घरातल्या थोरल्या बाईकडे. रोज सकाळी तिने माप भरून दळणाला द्यायचे, आणि त्या मापात काय ते भागवायचे. पाहुणा आला तर भाकरी वाढते, पण कोरड्यास (भाकरीबरोबरचे कालवण) पातळ होते. पुष्कळ घरांत मापातून एक मूठ परत कणगीत टाकायची चाल होती. सणाला किंवा अडीअडचणीला ते धान्य उपयोगी पडे. पहिल्या पावसानंतर कोठी एकदा पूर्ण उपसून पाहायची आणि दसऱ्याच्या आत शिलकीचा अंदाज घ्यायचा. दसऱ्याला निम्म्याहून बरेच कमी उरले असेल तर माप आत्ताच लहान करायचे, फाल्गुनाची वाट पाहायची नाही. वार्षिक खर्चावर ताबा ठेवण्याची याहून सोपी आणि कठोर पद्धत दुसरी नसेल.

वर्षाकाठी एकदाच मिळकत होणाऱ्यांत कुणबी होता तसे बलुतेदारही होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना वर्षभराच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्यात मिळे. त्यांची बेगमी म्हणजे ते बलुतेच. पीक बुडाले की बलुतेही घटे. सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचे, साल गुढीपाडव्याला ठरते. पूर्वी त्यात रोख थोडी आणि धान्य, कपडे, चपला अशा वस्तू जास्त असत. आता मराठवाडा-विदर्भात सालाचा आकडा रोखीत बोलला जातो आणि लाखाच्या पुढे गेला आहे. ऊसतोड मजुरांना मुकादमाकडून हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) मिळते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि उचल कोयत्यामागे ठरते. त्यातून आधीची देणी फेडून जे उरेल त्यात सहा महिन्यांची बाजरी-ज्वारी बांधून बिऱ्हाड कारखान्यावर जाते. काम न झाल्यास उचलीचा उरलेला भाग पुढच्या वर्षावर चढतो. इथे वर्षाचा खर्च मोजका आहे खरा, पण तो आधीच घेतलेल्या कर्जातून चाललेला आहे.

बेगमी ज्यांना जमत नसे त्यांचे वर्ष उलट्या दिशेने चाले. एकोणिसाव्या शतकात शेतसारा रोखीत आणि सुगीच्या आसपास भरावा लागे, तेव्हा लहान शेतकरी भाव पडलेले असतानाच धान्य विकून मोकळा होई. आषाढात घरातले संपले की तेच धान्य सावकाराकडून वाढीदिढीने आणायचे: एक मण घेतले तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. सहा महिन्यांत पंचवीस ते पन्नास टक्के वाढ, आणि तीही स्वस्ताईच्या काळात फेडायची म्हणून जास्त माप. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळण्यापासून जे दंगे सुरू झाले, त्यांच्या मुळाशी हे चक्र होते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यानंतर आला. कणगी भरलेल्या घराची बचत आणि कणगी रिकामी असलेल्या घराचे कर्ज या एकाच भावफरकाच्या दोन बाजू होत्या. गरिबाला काटकसर कळत नाही असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पगार महिन्याचा झाला तशी बेगमी मागे पडली. गिरणी कामगाराची चूल वाण्याच्या वहीवर चाले. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत शिधावाटप आले आणि महिन्याचे किंवा आठवड्याचे धान्य ही सवय पक्की झाली. १९७२ च्या दुष्काळात तर खेड्यांतल्या कणग्याही रिकाम्या झाल्या. लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी (तयार पूरक अन्न). २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंत्योदय कार्डाचे वर्षाचे ४२० किलो होतात. लहान कुटुंबाच्या जुन्या धान्य-बेगमीच्या जवळ जाणारा हा आकडा आहे, पण डाळ, तेल आणि तिखट त्यात नाही. बेगमीतला महाग भाग अजून घरालाच सोसावा लागतो.

मध्यमवर्गात ती अर्धवट टिकून आहे. गहू-तांदूळ-डाळ एप्रिलमध्ये पोत्याने घेणारी घरे पुण्या-नाशकात अजून पुष्कळ, आणि शेतकरी थेट टेम्पो घेऊन सोसायटीत येतात. बचत होतेच असे नाही. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा उन्हाळ्यात डाळ भरलेल्यांचा चांगलाच फायदा झाला. पुढच्या उन्हाळ्यात घाबरून जास्त भरलेल्यांना २०१७ च्या सुरुवातीला तुरीचे भाव कोसळल्यावर महागातली डाळ संपवत बसावे लागले. एकट्याने भरण्याऐवजी गटाने घेण्याचा मार्ग १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने रुळवला: शेजारच्या काही कुटुंबांचा संघ, एकत्र मागणी, महिन्याला वाटप, आगाऊ पैसे. घाऊक भावाचा फायदा मिळतो आणि साठवणीची खोलीही लागत नाही. वाळवणे आता बहुतेक महिला बचत गटांकडून विकत घेतली जातात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्याकडे किलोने मागण्या नोंदवल्या जातात, आणि कुरडई घरची असल्यासारखी पानात वाढली जाते.