प्रायमाक्विन, जी-६-पीडी आणि माणूस पाहून औषध: पार्श्वभूमी

जनुकं पाहून औषध ठरवण्याची चर्चा मानवी जनुकसंचाचं वाचन झाल्यावर वाढली. तिचं मूळ मात्र बरंच जुनं, मलेरियाच्या एका गोळीत आहे. व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि ताप उलटतो. त्याला तिथे गाठणारं प्रायमाक्विन काही जणांच्या तांबड्या पेशी फोडतं: लघवी काळपट होते, डोळे पिवळे होतात, हिमोग्लोबिन घसरतं.

कारणाचा माग लागला तो अमेरिकेतल्या स्टेटव्हिल तुरुंगात, कैद्यांवरच्या प्रयोगांतून. बंदिवानाची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न या इतिहासातून वगळता येत नाही. ज्यांना औषध बाधतं त्यांच्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या इतरांना चढवल्या. घेणाऱ्याने प्रायमाक्विन घेतलं तेव्हा या उसन्या पेशीच फुटल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये संशोधक कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो नेमका दाखवला: जी-६-पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज) हे विकर, म्हणजे एन्झाइम, कमी. ते कमी असलं की औषधाचा ऑक्सिडीकारक मारा पेशीला सोसत नाही. १९५९ मध्ये जर्मन जनुकशास्त्रज्ञ फोगेल यांनी जनुकं आणि औषधं यांचा संबंध अभ्यासणाऱ्या या विद्याशाखेला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिलं.

हे विकर घडवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने झळ मुख्यतः पुरुषांना बसते. पारशी समाजात या कमतरतेचा ‘मेडिटरेनियन’ नावाचा प्रकार आढळतो. ‘केरळ’ आणि ‘कल्याण’ हे प्रकार आधी वेगळे धरले होते. १९९२ मध्ये दोन्हींमागे जनुकातल्या ९४९व्या जागचा एकच बदल निघाला.

प्रायमाक्विनचा नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, रोज, १४ दिवस. विकर कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला पर्याय आहे: किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यामुळे आधी चाचणी हवी. स्पॉट टेस्टमध्ये रक्ताचा ठिपका अतिनील प्रकाशात चमकला नाही तर कमतरता. पण पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर जुन्या, कमी विकराच्या पेशी आधीच गेलेल्या असतात. उरलेल्या कोवळ्या पेशींत विकर जास्त, म्हणून निकाल फसवा ‘नॉर्मल’ येतो. अशा रुग्णाची चाचणी सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा करावी.

एकच सदोष जनुक असलेल्या स्त्रियांत विकर पुरेसं असलेल्या आणि कमी असलेल्या अशा दोन्ही तऱ्हेच्या पेशी मिसळलेल्या असतात. विकर नॉर्मलच्या ३० टक्क्यांच्या वर असेल तर स्पॉट टेस्टला अशा स्त्रिया सहसा सापडत नाहीत. प्रायमाक्विनसारखंच काम करणाऱ्या टॅफेनोक्विन या औषधाच्या एकाच डोसआधी विकर मोजून ते ७० टक्क्यांच्या वर आहे हे पाहावंच लागतं, कारण ते औषध शरीरात कित्येक आठवडे राहतं. त्रास सुरू झाला तर थांबवायला पुढची गोळीच नसते.