आयएमई-१ आणि आयएमई-२: नावं जुळी, कामं वेगळी

यीस्टच्या अर्धसूत्री विभाजनाबद्दल, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाबद्दल, वाचायला घेतलं की ही दोन जनुकं हमखास एकमेकांत मिसळतात. पाव फुगवणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टमध्ये दोन्ही दहाव्या गुणसूत्रावर आहेत आणि नावंही एकाच साच्यातली, त्यामुळे दुसरं म्हणजे पहिल्याची राखीव प्रत असावी असं वाटतं. तसं मुळीच नाही.

आयएमई-१चं प्रथिन इतर जनुकं चालू करतं, पण गंमत अशी की त्याला स्वतःला डीएनए धरता येत नाही. यूएमई-६ हे प्रथिन एरवी विभाजनाची जनुकं दाबून बसलेलं असतं. आयएमई-१ त्याला येऊन मिळालं की तीच जनुकं सुरू होतात.

खरी कसोटी त्याआधीच लागते, आयएमई-१ सुरू होऊ द्यायचं की नाही इथे. पेशी द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली हवी, आणि तिच्यात ‘ए’ व ‘अल्फा’ हे यीस्टचे दोन्ही लिंगांसारखे प्रकार एकत्र आलेले हवेत. एकगुणित पेशीत आरएमई-१ हे प्रथिन त्याला रोखतं, आणि ते बरोबरच आहे. गुणसूत्रांचा एकच संच असताना निम्मा काय करणार? शिवाय उपासमार हवी: नायट्रोजन संपलेला, ग्लुकोज नाही, ऊर्जेपुरतं असिटेटसारखं काही हाताशी. प्रयोगशाळेत बीजाणू हवे असतील तर म्हणूनच यीस्ट पोटॅशियम असिटेटमध्ये ठेवतात. इतके संकेत एकत्र तोलायचे असल्याने या जनुकाचा नियंत्रक पट्टा २,००० बेस-जोड्यांहून लांब आहे. यीस्टच्या दाटीवाटीच्या जनुकसंचात ही चैनच म्हणायची.

आयएमई-२ हे आयएमई-१नेच चालू केलेल्या जनुकांपैकी एक. त्याचं प्रथिन कायनेझ आहे, म्हणजे ते इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडतं. डीएनएची प्रत काढण्याआड येणारं एसआयसी-१ वेळेवर हटवायला ते लागतं. आणि ज्याने त्याला कामाला लावलं त्या आयएमई-१लाही तेच फॉस्फेट लावून मोडीत काढायला मदत करतं.

जनुकं काढून टाकली की फरक उघड होतो. आयएमई-१ नसेल तर विभाजनापूर्वीची डीएनएची प्रतच निघत नाही. आयएमई-२ नसेल तर ती उशिरा निघते, पण गाडी पुढे अडते.

परतीचा रस्ता मात्र या दोघांपैकी कुणीच बंद करत नाही. ते काम एनडीटी-८० हे तिसरंच प्रथिन करतं. ते पुरेसं सक्रिय होण्याआधी अन्न मिळालं, तर पेशी पुन्हा कळ्या फुटण्याकडे, म्हणजे नेहमीच्या वाढीकडे, वळते. त्यानंतर कितीही साखर घाला, ती विभाजन पुरं करते आणि बीजाणू बनवते, सहसा एका पिशवीत ४.