उपहासचित्रे, इंग्लंडमधील (अठरावे शतक)

तांब्याच्या पत्र्यावर उत्कीर्णन (हत्याराने थेट कोरणे) किंवा अम्लरेखन (आम्लाने रेषा खोदणे) करून, सुट्या कागदावर छापून एकेक विकली जाणारी टीकात्मक वा विनोदी चित्रे. त्यांचा वर्तमानपत्रांशी संबंध नव्हता. लंडनमधील चित्रविक्रेते ती काढीत आणि आपल्याच दुकानांतून विकत. मराठीत ‘व्यंगचित्र’ हा शब्द सरसकट वापरला जातो, परंतु या विषयात दोन प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक आहे. ओळखीच्या व्यक्तीचा चेहरा व शरीरठेवण अतिशयोक्त करून काढलेले ते अर्कचित्र. एखाद्या घटनेवर, धोरणावर किंवा चालीरीतीवर रूपकांच्या आधारे टीका करणारे ते उपहासचित्र. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक इंग्रजी उपहासचित्रांत अर्कचित्रण जवळजवळ नाही.

मूळ : ‘कॅरिकेचर’ हा शब्द इटालियन ‘कारिकारे’ म्हणजे ‘भार घालणे’ या क्रियापदावरून आला. या प्रकाराचे जनकत्व परंपरेने आन्नीबाले काराच्ची (१५६०–१६०९) या चित्रकाराकडे दिले जाते. त्याचा आधार मुख्यतः १६४६ मधील एक प्रस्तावना असून ती काराच्चीच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी छापलेली आहे, हे विसरता येत नाही. इंग्रजीत हा शब्द सर टॉमस ब्राउनच्या एका ग्रंथात आढळतो. ग्रंथ १७१६ मध्ये छापला गेला, पण ब्राउन १६८२ मध्येच वारला होता. म्हणजे शब्दाचा वापर सतराव्या शतकातला धरावा लागतो.

चित्रप्रकाराच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही. एका मताप्रमाणे हॉलंडहून येऊन इंग्लंडचा राजा झालेल्या तिसऱ्या विल्यमबरोबर आलेला डच प्रभाव, विशेषतः रोमेन दे होख (१६४५–१७०८) याची राजकीय चित्रे, निर्णायक ठरली. दुसरे मत इटलीच्या प्रवासाहून परतणाऱ्या उमरावांना श्रेय देते. रोममध्ये पिएर लेओने गेत्सी या चित्रकाराकडून ते आपली अर्कचित्रे काढून घेत, आणि आर्थर पाँड या चित्रकाराने १७३६ नंतर अशा चित्रांच्या प्रती लंडनमध्ये छापून विकल्या. डच वळणाच्या चित्रांत प्रतीके, लेखी फलक आणि आकड्यांनी दाखवलेली स्पष्टीकरणे असत. इटालियन वळणात केवळ माणूस असे, राजकारण नसे. म्हणून दोन्ही प्रवाह एकत्र येईपर्यंत, म्हणजे साधारण १७५६ च्या पुढे, खरे इंग्रजी राजकीय अर्कचित्र सुरू झाले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या सुमारास जॉर्ज टाउनझेंड या सेनाधिकाऱ्याने स्थूल देहाच्या ड्यूक ऑफ कंबरलंड या राजपुत्राची आणि मंत्र्यांची छोटी चित्रे काढली. मॅथ्यू व मेरी डार्ली या दांपत्याने ती पत्त्यांएवढ्या कार्डांवर छापली. मेरी डार्लीने सुमारे १७६२ मध्ये हौशी मंडळींसाठी अर्कचित्रणाचे पुस्तकही काढले. या धंद्यात स्त्रियांचा वाटा किती मोठा होता, हे तिच्यावरून आणि पुढे चित्रविक्रेती हॅना हम्फ्री हिच्यावरून ध्यानात येते.

विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याला अर्कचित्रकार म्हणवून घेणे मान्य नव्हते. १७४३ मध्ये त्याने सुमारे शंभर चेहऱ्यांचा एक तक्ता काढून ‘स्वभावचित्र’ आणि ‘अर्कचित्र’ यांतला फरक दाखवला. त्याची कीर्ती सामाजिक चित्रमालांवर उभी आहे. ‘जिन लेन’ (१७५१) या चित्रात पायऱ्यांवर बसलेली झिंगलेली आई तपकिरीची चिमूट घेते आहे आणि तिच्या हातून सुटलेले मूल कठड्यावरून खाली पडते आहे. किंमत एक शिलिंग होती. त्याच वर्षी जिनविक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यामागे अनेकांची चळवळ होती, केवळ या चित्राला श्रेय देता येत नाही.

तंत्र व कायदा : पत्रा तापवून त्यावर मेण-राळेचा पातळ थर देत व तो धुराने काळा करीत. सुईने थर खरवडला की रेषेपुरते तांबे उघडे पडे. नायट्रिक आम्ल तेवढाच भाग खाई. ठसा उलटा उमटत असल्याने पात्रांच्या तोंडचे सगळे शब्द उलट्या अक्षरांत लिहावे लागत. शतकाच्या उत्तरार्धातील अर्कचित्रकार जेम्स गिलरे (१७५६–१८१५) याच्या चित्रांतील दाट मजकूर पाहताना हे कौशल्य लक्षात घ्यावे. अम्लरेखन उत्कीर्णनापेक्षा जलद होई, त्यामुळे संसदेतील घटनेवर काही दिवसांत चित्र निघू शके. रंग हाताने भरत. रंगीत प्रत साध्या प्रतीच्या साधारण दुप्पट किमतीला जाई.

होगार्थ व इतरांच्या प्रयत्नांनी १७३५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने चित्रांना चौदा वर्षांचे स्वामित्व मिळाले. त्यासाठी मालकाचे नाव व प्रकाशनाचा दिनांक पत्र्यावर कोरणे आवश्यक ठरले. आज चित्रांचा कालक्रम लावता येतो तो मुख्यतः या एका ओळीमुळे. मात्र जुना पत्रा पुन्हा छापताना दिनांक तसाच राहू शके, म्हणून कागदही तपासावा लागतो. नाटकांवर १७३७ पासून पूर्वतपासणी होती, चित्रांवर नव्हती.

राजकारण : तिसऱ्या जॉर्जचा मर्जीतला मंत्री लॉर्ड ब्यूट याच्या नावाशी ‘बूट’ या शब्दाचे उच्चारसाम्य असल्याने १७६० नंतरच्या चित्रांत तो मोठा बूट म्हणून दिसतो. जेम्स सेयर्सचे ५ डिसेंबर १७८३ चे ‘कार्लो खान’ हे चित्र भारतीय वाचकाने आवर्जून पाहावे. मंत्री चार्ल्स जेम्स फॉक्स याचे, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या आयुक्तांकडे देऊ पाहणारे विधेयक त्याचा विषय. पागोटे घातलेला फॉक्स हत्तीवर बसून लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीकडे निघाला आहे. हत्तीला फॉक्सचा सहमंत्री लॉर्ड नॉर्थ याचा चेहरा आहे आणि पुढे त्यांचा समर्थक संसदपटू एडमंड बर्क कर्णा फुंकीत चालला आहे. निशाणावरील ‘लोकांचा माणूस’ हे फॉक्सचे बिरुद खोडून ‘राजाधिराज’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द लिहिले आहेत. विधेयक त्याच महिन्यात उमरावांच्या सभागृहात पडले. मराठ्यांच्या इतिहासाला स्पर्श करणारे चित्र गिलरेचे आहे : डिसेंबर १७९१ मध्ये त्याने गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसची टिपूच्या श्रीरंगपट्टणहून झालेली माघार रेखाटली. याच माघारीत कॉर्नवॉलिसची हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांशी गाठ पडली होती.

गिलरेची जुलै १७९२ मधील जोडी त्याच्या कलेचा उत्तम नमुना आहे. एकीत युवराज काट्याने दात कोरीत बसला आहे, जाकिटाचे बटण पोटावर कसेबसे टिकले आहे आणि मागे न भागवलेली बिले आहेत. दुसरीत राजा तिसरा जॉर्ज काटकसरीने उकडलेले अंडे खातो आहे. बापलेकांपैकी कोणालाही सूट नाही. तरी सुमारे १७९७ पासून काही वर्षे गिलरेला सरकारकडून वार्षिक २०० पौंड मिळत होते आणि त्या काळातील त्याच्या चित्रांत पंतप्रधान पिटच्या विरोधकांवरील मारा स्पष्टपणे वाढलेला दिसतो.

वाचकवर्ग : दुकानांच्या खिडक्यांपुढे जमलेली गर्दी अनेक चित्रांत आढळते, त्यावरून ही कला सर्व थरांत पोचल्याचे पूर्वीचे अभ्यासक मानीत. एका पत्र्यातून निघणाऱ्या प्रती शेकड्यांत, फार तर हजाराच्या आसपास असत आणि एक-दोन शिलिंग ही मजुराची दिवसभराची कमाई होती. तेव्हा ही चित्रे सर्व थरांत पोचली असे न मानणारी, १९९० नंतरच्या संशोधनातील सावध भूमिका अधिक पटते.

ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहाची सूची एफ. जी. स्टीव्हन्स व डॉरथी जॉर्ज यांनी १८७० ते १९५४ या काळात अकरा खंडांत केली. तीत १७,००० हून अधिक चित्रांची नोंद आहे.