क्लोरेलाच्या टाकीत उजेड किती सोडायचा?

क्लोरेला हे एकपेशी हिरवं शेवाळ वाढवताना पहिला घोळ बहुधा पहिल्याच दिवशी होतो: दिवा पूर्ण ताकदीनं लावला जातो. दोन दिवसांत पोपटी पाणी पिवळट पडतं, मग पांढुरकं. नायट्रेट कमी पडलं असेल म्हणून आणखी खत ओतलं जातं. पेशी मात्र उजेडानं भाजलेल्या असतात. प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रथिन उजेडात सतत मोडतं आणि पेशी ते सतत नव्यानं घडवते. मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या पुढे गेला की वाढ खुंटते.

मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल फोटॉन (प्रकाशाचे कण) पडतात. क्लोरेलाची भूक २०० ते ४०० मध्येच भागते. हे मोजायला पार मीटर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र लागतं. लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतो. लाल-निळ्या एलईडीखाली तो फारच कमी आकडा दाखवतो, आणि आपण दिवा वाढवत बसतो.

दिवा तोच राहिला तरी पेशींना मिळणारा उजेड रोज बदलतो, कारण पेशी एकमेकींवर सावली धरतात. ५ सेंटिमीटर जाडीच्या सपाट काचटाकीत लिटरला ०.१ ग्रॅम शेवाळ असेल तर जवळजवळ निम्मा उजेड मागच्या काचेतून बाहेर पडतो. तेच १ ग्रॅम झालं की हजारावा भागही पोचत नाही. सगळा खेळ पुढच्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये आटोपतो.

म्हणून मीटर मागच्या काचेला लावा. सुरुवातीला दिव्याच्या बाजूला ६० ते ८० मायक्रोमोल पुरे. मागचा आकडा १०च्या आसपास उतरला की दिवा थोडा वाढवा, असं करत ३०० पर्यंत जा. त्यापुढे दिवा वाढवणं म्हणजे वीजबिल आणि उष्णता. तिथून तिसरा हिस्सा कल्चर (शेवाळाचं पाणी) काढून ताजं माध्यम (खत घातलेलं पाणी) भरा, पण आधी दिवा निम्म्यावर आणा. पातळ झालेल्या कल्चरवर तोच उजेड पडला की पुन्हा पहिल्या दिवसाचीच गत.

१० लिटरला मिनिटाला ५ लिटर हवा सोडली की पेशी आलटून पालटून पुढे-मागे होतात. पण पंप दुप्पट केल्यानं उजेड दुप्पट वापरला जातो, हा गैरसमज आहे. बुडबुड्यांनी होणारी ये-जा सेकंदांची असते, आणि प्रकाश टिपणाऱ्या यंत्रणेचं काम मिलिसेकंदांत चालतं.

नमुन्यातून प्रकाश सोडून शेवाळाची दाटी मोजताना ७५० नॅनोमीटर तरंगलांबी वापरा. ६८० वर क्लोरोफिलही मोजलं जातं, आणि मंद उजेडातल्या पेशी क्लोरोफिल वाढवतात. आकडा फुगतो, पेशी तेवढ्याच.

एक चकवा मात्र हमखास भेटतो. मागचा आकडा उतरत जातो, पण नमुन्याची ७५० वरची दाटी जागेवरच. अशा वेळी दिव्याला हात लावू नका, काचेच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. हिरवा चिकट थर लागला, तर उजेड तोच खातोय. मत्स्यटाकीची चुंबकी घासणी फिरवण्याआधी दिवा मंद करा, नाहीतर पडदा सरकल्यासारखा सगळा उजेड एकदम विरळ कल्चरवर येईल.